शिदोरी आणि डबा : मुंबईतील मध्यान्हभोजनाच्या इतिहासातील एक प्रकरण

घराबाहेर काम करणाऱ्या माणसाने आपले अन्न घरूनच बरोबर नेण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. शेतावर जाणारा कुणबी, रानात गुरे राखणारा गुराखी, वारीस निघालेला वारकरी या सर्वांजवळ फडक्यात बांधलेली शिदोरी असे. गोपाळकाल्याच्या कथेत सवंगडी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवितात, ती हीच शिदोरी होय. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई शहरात जो डबा रूढ झाला, तो या शिदोरीचे केवळ नवे रूप नव्हे. शिदोरी हे मुळात अन्नाचे नाव आहे. डबा हे भांड्याचे. पुढे भांड्याचेच नाव आतील अन्नास मिळाले आणि ‘डबा खाणे’, ‘डबा पोचविणे’, ‘डबा लावणे’ असे वाक्प्रचार भाषेत रुळले. या शब्दांतरामागे एक सामाजिक स्थित्यंतर आहे. डब्यास धातूचे भांडे जितके आवश्यक होते, तितकीच ते उघडण्यासाठी ठरलेली वेळही आवश्यक होती. आणि ती वेळ आपोआप मिळालेली नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. शेतकरी ऊन डोक्यावर आले की औत सोडून झाडाखाली बसत असे; गिरणीतील यंत्र मात्र कोणाच्या भुकेसाठी थांबत नव्हते. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने दिवसातून एक तासाची विश्रांती दिली ती केवळ मुलांना. प्रौढ कामगारांचा त्यात विचार नव्हता. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे सादर केले. रविवारची सुट्टी, वेळेवर पगार, अपघातात भरपाई या मागण्यांच्या बरोबरीने त्यात दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीची मागणी होती. साप्ताहिक सुट्टीची मागणी इतिहासग्रंथांतून ठळकपणे नोंदली गेली. अर्ध्या तासाची मागणी तिच्या छायेत राहिली. वस्तुतः माणसाने कामाच्या दिवशी जेवावे की नाही, आणि केव्हा, हा प्रश्न या मागणीने प्रथमच सार्वजनिक केला. १८९१ च्या कायद्याने मध्यान्हीचा अर्धा तास सर्व कामगारांस दिला. १९२२ च्या कायद्याने सहा तासांच्या कामानंतर एक तास विश्रांतीचा ठरविला.

वेळ मिळाली, तरी जागेचा प्रश्न उरलाच. कापसाचे तंतू उडत असलेल्या खात्यात, यंत्राच्या आडोशालाच अनेकांना भाकरी सोडावी लागे. दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत, कामगारांनी बरोबर आणलेले अन्न खाण्यासाठी स्वतंत्र भोजनकक्ष व पिण्याचे पाणी असावे, ही तरतूद झाली ती १९४८ च्या कारखाना कायद्यात. म्हणजे डबा उघडण्याच्या वेळेची मागणी आणि तो उघडण्याच्या जागेची कायदेशीर हमी यांत ६४ वर्षांचे अंतर पडले.

तथापि घरचा डबा आणण्यासाठी प्रथम घर असावे लागते. गिरणगावातील बहुसंख्य कामगार रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून एकटेच आलेले होते. कुटुंब गावी आणि बिऱ्हाड चाळीच्या एका खोलीत आठदहा जणांचे. त्यांची सोय खानावळींनी केली. या खानावळी बहुधा बायकाच आपल्या राहत्या खोलीत चालवीत. महिन्याच्या बोलीने जेवण ठरविणे यास ‘डबा लावणे’ म्हणतात, तो शब्दप्रयोग याच व्यवस्थेशी जुळतो. घरचे अन्न येथे विकत मिळणारी वस्तू झाली, पण नाव डब्याचेच राहिले. या बायकांच्या श्रमाला संघटित रूप मिळाले ते फार उशिरा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले तेव्हा.

कचेरीतील कारकुनाची स्थिती निराळी होती. त्याचे कुटुंब शहरात होते, पण कचेरीपासून दूर. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे गाडी धावू लागली, आणि वस्ती हळूहळू उत्तरेस सरकली. सकाळच्या गाडीच्या वेळेपर्यंत सगळा स्वयंपाक उरकणे अवघड होते. माणूस आधी जावा आणि अन्न मागून यावे, ही गरज त्यातून निर्माण झाली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसांसह डबे पोचविण्याचे काम सुरू केले, असे परंपरेने सांगितले जाते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या या माणसांनी झाकणावरील रंग, अक्षरे व आकडे यांच्या खुणांवर सारा व्यवहार उभा केला. एक डबा जाता-येता अनेक हातांतून फिरे. त्यांच्या न्यासाची नोंदणी १९५६ मध्ये झाली.

अन्नाचा असा प्रवास भांड्याच्या निवडीवर अवलंबून होता. भाकरी, चटणी, कांदा ही शिदोरी फडक्यात राहते. आमटी-भात राहत नाही. म्हणून एकावर एक बसणाऱ्या भांड्यांचा, वर कडी असलेला डबा आवश्यक झाला. आरंभी तो पितळेचा असे. पितळेत चिंच, आमसूल किंवा ताक घातलेले पदार्थ कळकतात. त्यामुळे आतून कथलाची कल्हई अनिवार्य होती. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. हा लेप झिजे आणि खर्च पुन्हा करावा लागे. मद्रास येथे आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये अल्युमिनियमची भांडी घडविण्यास प्रारंभ केला. हा धातू हलका होता व त्यास कल्हई लागत नव्हती. परंतु आंबट पदार्थांनी तोही काळवंडे व त्यास पोचे पडत. क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झाले. स्वातंत्र्योत्तर काळात ते स्वयंपाकघरात आले, आणि कल्हई व कळकणे या दोन्ही चिंता डब्यापुरत्या संपल्या. त्याबरोबर दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्याचा धंदाही ओसरला.

या बंद डब्याचा जातिव्यवस्थेशी असलेला संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही. उष्टे-खरकटे यांच्या कल्पना गिरणीच्या दाराशी थांबल्या नव्हत्या. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, या कारणास्तव अस्पृश्य मानलेल्या कामगारांस विणाई खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. अशा समाजात शिजलेला भात परक्यांच्या हातून आणि शेकडो अनोळखी डब्यांच्या सोबतीने कचेरीपर्यंत जाऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे. घासून लख्ख होणारा, कडीने घट्ट बंद होणारा धातूचा डबा ही त्या तडजोडीची एक अट असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. मात्र त्याच डब्याने सहभोजनाची गरजही टाळली. गोपाळकाल्यातील शिदोरी एकत्र होण्यासाठी सुटत असे. कचेरीतील डबा दीर्घकाळ ज्याचा त्याने उघडला. विटाळ मोडल्यावाचून त्यास वळसा घालण्याची सोय त्याने करून दिली.

या इतिहासात आणखी एक काळ मोजावयाचा राहतो. कायद्याने कामगाराचा अर्धा तास मोजला. डबेवाल्याने गाडीची मिनिटे मोजली. परंतु पहाटे चूल पेटवून ठरलेल्या वेळी डबा दाराशी ठेवणाऱ्या स्त्रीचे तास कोणत्याही कायद्याने वा वहीने नोंदले नाहीत. तिची वेळ गिरणीच्या भोंग्याशी आणि आगगाडीच्या वेळापत्रकाशी तितकीच बांधलेली होती. ती गिरणीत गेली नाही, तरी गिरणी तिच्या घरात आली होती. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे मुंबईच्या लोकलगाड्या व कचेऱ्या बंद पडल्या, तेव्हा डब्यांची वाहतूकही थांबली. अन्न घरी शिजतच होते; डबा मात्र उरला नाही. डबा हा अन्नापेक्षा कामाच्या वेळेचा निदर्शक आहे, याचे याहून स्पष्ट प्रमाण मिळणे कठीण. म्हणून मुंबईच्या श्रमेतिहासात गिरणी, चाळ आणि संप यांच्या जोडीने या साध्या भांड्यासही स्थान दिले पाहिजे. अर्ध्या तासासाठी सह्या करणारे कामगार आणि त्या अर्ध्या तासासाठी पहाटे उठणाऱ्या स्त्रिया, हे दोन्ही पक्ष त्या एकाच साधनाने इतिहासात जोडले गेले आहेत.