कातडीचा दाखला

किडनी प्रत्यारोपणाच्या वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: ‘मॅच झाली का?’ रक्तगट, पेशींवरच्या एचएलए खुणा, क्रॉसमॅच अशी ही पत्रिका. लग्नाला छत्तीस गुण पाहतात, इथे मुख्यतः सहा खुणा पाहिल्या जातात: ए, बी आणि डीआर, प्रत्येकी दोन. या जुळणीचं कूळ शोधत मागे गेलं की यंत्रं आणि रसायनं एकेक करून गळून पडतात. उरतो कातडीचा एक लहानसा तुकडा आणि त्याची अदलाबदल करणारी जुळी भावंडं. जुळ्यांनी प्रत्यारोपणाला उपचार दिला, असं सहसा सांगतात. मला ते पटत नाही. त्यांनी दिली ती मोजपट्टी, आणि ती जास्त मोलाची ठरली.

स्वतःची कातडी स्वतःला लागते हे जुनंच ज्ञान. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने नवं नाक करून दिलं. त्याने मेणाचं नाक घडवून ते कपाळावर सपाट पसरलं, त्याच्या कडेने रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधली पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवली. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिकत छापली. कातडी कावसजीचीच होती, म्हणून ती रुजली. दुसऱ्याच्या कातडीचं कलम मात्र काही दिवस गुलाबी दिसतं आणि मग काळं पडून गळतं. याला अपवाद ठरले ते एकाच फलित बीजातून जन्मलेले जुळे. १९३७ मध्ये सेंट लुईच्या जेम्स बॅरेट ब्राउन यांनी अशा दोन भावंडांत कातडीची अदलाबदल केली आणि ती टिकली. पुढे युद्धकाळात लष्करी रुग्णालयात भाजलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर होता, जोसेफ मरे.

कातडी टिकली तर जुळे एकबीज, या परीक्षेवर गाढ विश्वास बसलेला असतानाच एका गोठ्यात ती फसली. जुळी वासरं एकबीज की द्विबीज, हे ओळखायचं कसं, असं जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांना विचारण्यात आलं. सोपं आहे, एकमेकांची कातडी लावून पाहा, असं ते म्हणाले. बर्मिंगहॅमजवळच्या एका फार्मवर त्यांनी आणि रुपर्ट बिलिंगहॅम यांनी तसं केलं, तर जवळपास सगळ्यांनीच कलम स्वीकारलं, गोऱ्ह्याचं कालवडीनेसुद्धा! उत्तर रे ओवेन यांच्या १९४५ च्या निबंधात होतं. गाईच्या गर्भात जुळ्यांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि परक्या पेशी आयुष्यभर घरच्यासारख्या नांदतात. म्हणजे परकेपणा शरीर शिकतं. मेडावार यांना १९६० चं नोबेल मिळालं ते याच वाटेने. चुकलेल्या चाचणीने इतकं दिल्याचं उदाहरण विरळाच.

माणसांत द्विबीज जुळ्यांचं रक्त असं क्वचितच मिसळतं, त्यामुळे तिथे परीक्षा खरी ठरली. १९५४ मध्ये बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात २३ वर्षांचा रिचर्ड हेरिक मूत्रपिंडं निकामी होऊन मरणाच्या दारात होता आणि जुळा भाऊ रोनाल्ड किडनी द्यायला तयार होता. जन्माच्या वेळी वार एकच होती का, याची चौकशी झाली. बोटांचे ठसे घ्यायला दोघांना पोलीस ठाण्यात नेलं आणि तिथूनच बातमी फुटली. तरी निर्णय ठरला कातडीवर. रोनाल्डची कातडी रिचर्डच्या अंगावर महिनाभर जिवंत राहिली. २३ डिसेंबरला मरे यांनी किडनी ओटीपोटात बसवून रक्तवाहिन्या जोडल्या; चिमटे सोडताच ती लाल झाली आणि लघवी इतकी वाहू लागली की जमीन पुसावी लागली.

यावर आक्षेप असा, की ही पळवाट होती. फार थोड्या रुग्णांनाच असा जुळा सापडणार. खरा प्रश्न शरीराने परका अवयव नाकारण्याचा होता आणि तोच टाळला गेला. आक्षेप खोटा नाही. मोठ्या संख्येने रुग्ण वाचले ते १९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिनसारखी औषधं आल्यावर. पण १९५२ मध्ये पॅरिसमध्ये आईची किडनी लावलेल्या तरुणाचं काय झालं ते पाहा. ती तीन आठवडे चालली आणि थांबली. दोष कुणाचा? शस्त्रक्रियेचा, तुटलेल्या मज्जातंतूंचा, आजारी शरीराचा, की परकेपणाचा? मरे यांनी कुत्र्यांत त्यांचीच किडनी हलवून ती चालते हे दाखवलं होतं; मात्र कुत्रा निरोगी होता, रिचर्ड नव्हता. परकेपणा वजा केला की बाकी सगळं चालतं, हे माणसात जुळ्यांनीच सिद्ध केलं. त्यानंतर शत्रू एकच उरला आणि औषधं त्याच्यावर रोखता आली. जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पहिली एचएलए खूण ओळखली. सहाव्या गुणसूत्रावरचा या खुणांचा संच आईकडून एक, वडिलांकडून एक असा अखंड येतो. म्हणून दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक. दाता आणि रुग्ण जुळ्यांच्या किती जवळ आहेत, हेच तर या जुळणीत मोजलं जातं.

या पट्टीची दुसरी बाजूही हेरिक बंधूंच्याच कथेत आहे. रिचर्डने आपल्या परिचारिकेशी लग्न केलं, त्याला दोन मुली झाल्या आणि आठ वर्षांनी तो गेला. जुन्या आजाराने नवी किडनीही गाठली होती. शरीर भावाच्या अवयवाला स्वतःचा समजलं, आणि आजारही तसंच समजला. मरे यांच्यासोबत १९९० चं नोबेल घेणारे डॉनल थॉमस यांनीही सुरुवात जुळ्यांपासून केली होती. ल्युकेमियाच्या रुग्णांना त्यांच्या जुळ्यांची अस्थिमज्जा दिली, काही महिने बरं वाटलं आणि कर्करोग परतला. दात्याच्या पेशी किंचित परक्या असल्या तर उरलेल्या कर्करोगावर तुटून पडतात. जुळ्याच्या पेशींना तो घरचाच वाटतो. म्हणून ल्युकेमियात एचएलए जुळणारा साधा भाऊ हाताशी असेल, तर डॉक्टर काही वेळा जुळ्याला बाजूला ठेवून त्या भावाची मज्जा घेतात.