मत्स्यालयातील प्रकाशयोजना

घरगुती मत्स्यालयातील मासे, पाणवनस्पती आणि इतर जीवांना योग्य प्रतीचा, योग्य तीव्रतेचा आणि ठरावीक वेळेपुरता प्रकाश मिळावा म्हणून केलेली दिव्यांची निवड व मांडणी. मासे नीट दिसावेत हा तिचा एक उद्देश असला, तरी वनस्पतींची वाढ, शेवाळाचे प्रमाण, पाण्याचे तापमान आणि माशांची विश्रांती या चारही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. म्हणून टाकीत कोणते जीव ठेवायचे हे आधी ठरवावे व मग दिवा घ्यावा.

पूर्वपीठिका : लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली गोल्डफिश, गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकाच टाकीत ठेवून दाखवली. वनस्पती प्राणवायू पुरवते आणि टाकी स्थिर राहते, हे त्यातून दिसले. हा समतोल प्रकाशावरच उभा होता. सुरुवातीच्या टाक्यांना दिवसाचा उजेडच मिळे; विजेचे दिवे आल्यावर मत्स्यालय खिडकीपासून दूर नेता आले. महाराष्ट्रात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. अंधाऱ्या दालनातून चालत जाताना फक्त टाक्याच उजळलेल्या दिसण्याचा अनुभव अनेक पिढ्यांनी तिथे प्रथम घेतला. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले तेव्हा तेथील टाक्यांना एलईडी दिवे बसवलेले होते.

प्रकाशाची मोजमापे : दिव्याच्या खोक्यावर वॅट, लुमेन आणि केल्व्हिन असे तीन आकडे असतात. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. त्यावरून उजेड किती पडेल हे कळत नाही. लुमेन हे माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या एकूण उजेडाचे माप आहे. केल्व्हिनमधील आकडा प्रकाशाची छटा सांगतो : ३,००० च्या आसपास पिवळसर, ६,५०० ला दिवसासारखा पांढरा आणि १०,००० च्या पुढे निळसर. वनस्पतींच्या टाकीसाठी साधारण ६,५०० केल्व्हिनचा दिवा सोयीचा ठरतो. त्यात माशांचे रंगही नैसर्गिक दिसतात.

वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश अन्ननिर्मितीसाठी वापरतात. त्यातही हरितद्रव्य निळा आणि तांबडा भाग अधिक शोषून घेते. या उपयुक्त प्रकाशाच्या मापाला ‘पार’ म्हणतात आणि ते दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या मायक्रोमोलमध्ये देतात. हे माप टाकीच्या तळाशी घ्यावे लागते, कारण रोपे तिथेच लावलेली असतात. ठोकताळा म्हणून ३० पर्यंत कमी, ३० ते ५० मध्यम आणि त्यापुढे तीव्र प्रकाश समजतात. ‘पार’ मोजण्याचे यंत्र महाग असल्याने घरगुती वापरात दर लिटर पाण्यामागे १० ते २० लुमेन कमी, २० ते ४० मध्यम आणि ४० च्या वर तीव्र, असा हिशेब धरतात. दर गॅलनमागे इतके वॅट हा जुना नियम ट्यूबलाइटच्या काळातला आहे. एलईडीला तो लागू पडत नाही.

उदाहरणार्थ, दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीचे आकारमान सुमारे ७० लिटर होते. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात ५५ ते ६० लिटर पाणी राहते. साध्या वनस्पतींसाठी तिला सुमारे १,२०० लुमेन पुरतात, म्हणजे चांगल्या प्रतीची १२ ते १५ वॅटची एलईडी पट्टी. १५ वॅटची पट्टी रोज आठ तास लावली, तर ३० दिवसांत ३.६ युनिट वीज लागते.

दिव्यांचे प्रकार : जुन्या पिवळ्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते. झाकणाखाली तो लावला की पाणी तापते, म्हणून तो टाळावा. टी-८ आणि त्याहून बारीक टी-५ ट्यूब अनेक वर्षे प्रचलित होत्या. त्यांचा उजेड टाकीभर सारखा पडतो, पण ट्यूब जळण्याच्या बऱ्याच आधी तिची उपयुक्त तीव्रता घटते. त्यामुळे वनस्पतींच्या टाकीत ती साधारण वर्षाने बदलत. मेटल हॅलाइड दिवे खोल पाण्यापर्यंत पोहोचणारा प्रखर प्रकाश देतात. मात्र त्यांची उष्णता आणि विजेचा खर्च घरच्या टाकीला परवडत नाही.

आज एलईडी हा बहुतेकांसाठी योग्य पर्याय आहे. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी प्रकाश शक्य झाला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एलईडी कमी वीज घेतो, पाण्याकडे कमी उष्णता टाकतो आणि त्याची तीव्रता कमी-जास्त करता येते. पट्टी घेताना तिच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची बैठक आहे का आणि ती पाण्याच्या तुषारांपासून सुरक्षित आहे का, हे पाहावे. फक्त निळे-जांभळे किंवा रंग बदलणारे स्वस्त दिवे दिसायला आकर्षक असतात, पण वनस्पतींच्या वाढीसाठी त्यांच्यावर विसंबू नये. पाणी निर्जंतुक करणारा अतिनील दिवा हे वेगळे उपकरण आहे. तो बंदिस्त डब्यातच चालवायचा असतो; उघडा लावल्यास माणसाच्या डोळ्यांना व त्वचेला आणि माशांनाही इजा होते.

जीवांनुसार निवड : फक्त मासे असतील तर मंद उजेड पुरेसा होतो. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे प्रखर दिवा अचानक लागला की ते दचकून काचेवर आदळतात किंवा कोपऱ्यात दबून बसतात. आधी खोलीतला दिवा लावावा आणि थोड्या वेळाने टाकीचा. गोल्डफिश कायम अंधारात ठेवल्यास त्याचा रंग फिका पडतो. निऑन टेट्रा हा ॲमेझॉन खोऱ्यातल्या गडद, सावलीच्या पाण्यातला मासा. त्याची निळी पट्टी मंद उजेडात आणि काळसर रेतीवर उठून दिसते. कॅटफिशचे अनेक प्रकार रात्री वावरतात. त्यांना दिवसा लपायला लाकूड किंवा खापराची आडोशाची जागा हवी.

वनस्पतींमध्ये जावा फर्न, जावा मॉस, अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन कमी प्रकाशात तगतात. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि ब्राह्मी मध्यम प्रकाशात चांगल्या वाढतात. दक्षिण भारतात आढळणारी रोटाला मॅक्रांड्रा लालसर रंगासाठी प्रसिद्ध आहे. तो रंग टिकवायला तीव्र प्रकाशासोबत कार्बन डायऑक्साइड आणि खतही लागते. दिवा पुरेसा असला, तर लावल्यानंतर काही वेळाने पानांच्या कडांवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे धरतात आणि एकेक करून वर सुटतात. याउलट खोडावरच्या पानांमधले अंतर वाढून रोप लांबट झाले आणि खालची पाने झडू लागली, तर प्रकाश कमी पडतो आहे असे समजावे.

खाऱ्या पाण्यातील प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवल राहते. ते निळ्या प्रकाशाचा चांगला उपयोग करते. म्हणून प्रवाळांच्या टाकीला निळसर आणि तीव्र प्रकाश देतात. भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे ते समुद्रातून काढणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे.

प्रकाशाचा कालावधी : तीव्रतेइतकेच महत्त्व वेळेला आहे. नव्या टाकीला सहा तासांनी सुरुवात करावी आणि रोपांनी मूळ धरल्यावर हळूहळू आठ तासांपर्यंत न्यावे. दहा तासांहून अधिक प्रकाशाची गरज सहसा पडत नाही. अंधारात माशांच्या शरीरात मेलाटोनिन तयार होते आणि त्यांचा दिनक्रम त्यावर चालतो. रात्रभर दिवा सुरू ठेवणे, मग तो निळा ‘चांदण्याचा’ दिवा का असेना, माशांची विश्रांती हिरावून घेते. साधा टायमर लावला की वेळ रोज सारखी राहते. मत्स्यालयावर केलेल्या खर्चात हा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

शेवाळ : वनस्पतींना वापरता येईल त्याहून जास्त प्रकाश मिळाला, किंवा खाद्य आणि माशांच्या विष्ठेतून पोषणद्रव्ये साठली, की शेवाळ फोफावते. काचेवर हिरवे ठिपके येतात किंवा सगळे पाणीच हिरवे होते. अशा वेळी औषध टाकण्याआधी दिव्याची वेळ दोन तासांनी कमी करावी, खाद्य कमी करावे आणि पाण्याचा काही भाग बदलावा. दिवा थोडा वर उचलला तरी तळाशी पोहोचणारा प्रकाश कमी होतो.

खानदेशातील परिस्थिती : नंदुरबार जिल्ह्यात, मग ते शहर असो वा कळसाडीसारखे गाव, प्रकाशाची उणीव फारशी जाणवत नाही, खरा प्रश्न उष्णतेचा आहे. या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता एक लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) जाते, तर दिवा लावलेल्या खोलीत ती काहीशे लक्स असते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीत टाकी ठेवली, की काही दिवसांत पाणी हिरवे होते आणि तापतेही. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसात. एप्रिल-मे महिन्यांत घरातच पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा दिव्याची थोडी उष्णताही माशांना भोवते. या दिवसांत दिवा सकाळी किंवा संध्याकाळनंतर लावावा, झाकण थोडे उघडे ठेवून वर जाळी पसरावी आणि हवेचा पंप सुरू ठेवावा. वीज गेली, तर इन्व्हर्टरवर आधी पंप चालवावा. दिवा काही तास बंद राहिल्याने काही बिघडत नाही.

बोअरच्या जड पाण्यामुळे झाकणाच्या काचेवर तुषार सुकून क्षारांचा पांढरा थर बसतो. तो रोज पाहून डोळ्यांच्या सवयीचा होतो, पण दिव्याचा बराच उजेड तिथेच अडतो. नवा दिवा आणण्याआधी ही काच व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन पाहावी. अंगणातल्या टाक्यात गप्पी आणि पाणवनस्पती ठेवायच्या असतील, तर दिव्याची गरजच नसते. वर ५० टक्के सावलीची शेडनेट आणि सकाळचे ऊन एवढे पुरते.

सुरक्षितता आणि निगा : पाणी आणि २३० व्होल्टची वीज शेजारी असताना हयगय करू नये. वायर सॉकेटपर्यंत नेताना सॉकेटच्या खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. घराच्या वायरिंगला अर्थिंग असावे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसवावा. टाकीत हात घालण्याआधी दिवा, हीटर आणि फिल्टर यांचे बटन बंद करून पिन काढावी. दिवा घट्ट आधारावर बसवावा. नुसता काचेच्या कडेवर टेकवलेला दिवा मांजराच्या किंवा मुलांच्या धक्क्याने पाण्यात पडू शकतो.

निवडीचा क्रम : प्रथम जीव ठरवावेत, मग टाकीची उंची आणि पाण्याचे लिटर मोजावेत. त्यावरून लुमेन काढावेत, ६,५०० केल्व्हिनच्या जवळची, टाकीच्या लांबीएवढी एलईडी पट्टी घ्यावी आणि सोबत टायमर घ्यावा. दोन पट्ट्यांमध्ये मन अडले, तर तीव्रता कमी करता येणारी निवडावी आणि सुरुवात कमी प्रकाशाने करावी. कमी पडलेला प्रकाश नंतर वाढवता येतो. शेवाळाने भरलेली टाकी आणि खंगलेली रोपे पूर्वपदावर आणायला मात्र कित्येक आठवडे लागतात.