हस्तिदंती गुडघ्यापासून सिमेंटच्या गुडघ्यापर्यंत

1890 साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लस ग्लुक नावाच्या सर्जनने एका रुग्णाचा खराब झालेला गुडघा काढला आणि तिथे हस्तिदंतात कोरलेला, बिजागरीसारखा वाकणारा गुडघा बसवला. तो हाडात पक्का बसावा म्हणून त्याने राळ, प्यूमिस दगडाची भुकटी आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांची मिश्रणं वापरून पाहिली. बिलियर्डचे चेंडू तेव्हा हस्तिदंताचे होत असत, हे लक्षात घेतलं तर निवड तितकी विचित्र वाटत नाही. पदार्थ कठीण, गुळगुळीत आणि शरीराला बऱ्यापैकी सोसणारा.

सुरुवातीला रुग्णांना खरंच आराम पडला. मग सांध्यांतून पू येऊ लागला. ग्लुकचे हे रुग्ण क्षयाचे होते. ज्या हाडात तो नवा सांधा बसवत होता, त्याच हाडात जंतू ठाण मांडून बसलेले होते. याच बर्लिनमध्ये आठ वर्षं आधी रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू ओळखून दाखवला होता. म्हणजे शत्रूचं नाव कळलं होतं, पण त्याला मारणारं औषध यायला अजून अर्धं शतक बाकी होतं. ग्लुकचे वरिष्ठ अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांना हा सगळा प्रकार पसंत नव्हता, आणि त्यांनी त्याला आपलं काम जाहीरपणे मांडण्यापासून रोखलं असं इतिहासकार सांगतात. सांधा बदलण्याची कल्पना पुढे कित्येक दशकं जवळजवळ विसरली गेली.

सांधेबदलाच्या इतिहासात ग्लुकचं नाव 'पहिला' म्हणून येतं. मला मात्र तो दुसऱ्या एका इतिहासाचा आरंभ वाटतो: बसवलेल्या सांध्यात जंतू शिरले तर काय करायचं, या प्रश्नाचा. या इतिहासात मी शिरलो तो आईच्या उजव्या गुडघ्यामुळे. गुडघा बदलल्यानंतर अकराव्या महिन्यात तो सुजला, गरम झाला आणि जुन्या टाक्यांच्या रेषेवर एक फोड आला. सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासलं. निदान झालं, आणि 'रिव्हिजन', 'टू स्टेज' हे शब्द आमच्या घरात आले. पहिल्या ऑपरेशनआधी मी यूट्यूबवर दहा व्हिडिओ पाहिले होते. सगळ्यांत आजी-आजोबा हसत जिने चढत होते. दुसऱ्या ऑपरेशनबद्दल असा हसरा व्हिडिओ एकही सापडला नाही. म्हणून वाचायला लागलो.

आज आपण ज्याला सांधेबदल म्हणतो, त्याची पायाभरणी इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये, विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी केली. स्टीलचा छोटा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि दोन्ही पक्कं धरणारं अ‍ॅक्रिलिक सिमेंट अशी त्यांच्या खुब्याची रचना. सिमेंटचा पदार्थ दंतवैद्यकातून आलेला, कवळ्या ज्याच्या बनवतात त्याच जातीचा. वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन निवडलं, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. सुमारे 300 रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. दोन-तीन वर्षांत त्या घासून झिजल्या आणि झिजलेल्या कणांभोवती शरीराने गाठी केल्या. एकेका रुग्णाला परत बोलावून ऑपरेशन करण्याची वेळ चार्नलींवर आली.

पुढचं प्लास्टिक आलं ते कापडगिरणीच्या वाटेने. मागांच्या यंत्रांत गिअरसाठी वापरलं जाणारं जड पॉलिथिलीन घेऊन एक विक्रेता 1962 मध्ये राइटिंग्टनला आला. चार्नलींना ते काही खास वाटलं नाही. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते यंत्रावर लावून झीज मोजत ठेवली. ती टेफ्लॉनच्या मानाने नगण्य निघाली. चार्नलींनी पुढे दोन्ही प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिलीनच्या जागी काही झालं नाही. नोव्हेंबर 1962 पासून बसू लागलेल्या त्या पॉलिथिलीनच्याच सुधारित जाती आजही बहुतेक कृत्रिम सांध्यांत आहेत.

झिजेचा प्रश्न असा हातात आला, पण पू होण्याचा प्रश्न राहिला होता. सुरुवातीच्या काळात चार्नलींच्या 100 रुग्णांमागे सुमारे 7 जणांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होत होता. जंतू हवेतून जखमेत पडतात, असा त्यांना संशय होता. ऑपरेशन थिएटरमधली माणसं हलतात, बोलतात, त्यांच्या त्वचेचे सूक्ष्म कण झडतात आणि त्या कणांवर बसून जंतू उतरतात. मग त्यांनी थिएटरच्या आत काचेच्या खोलीसारखी एक खोली बांधली. रुग्णाचं धड-पाय आत, डोकं आणि भूलतज्ज्ञ बाहेर. वरून गाळलेल्या हवेचा सतत झोत. सर्जनच्या अंगावर अंतराळवीरासारखा झगा, आणि त्याचा उच्छ्वास नळीने बाहेर ओढून घेतलेला. बाकीचे सर्जन हसले. 1972 मध्ये चार्नलींनी 5,800 ऑपरेशनांचा हिशेब छापला. संसर्गाचं प्रमाण 100 मागे एकाच्याही खाली आलं होतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पुढे 8 हजारांहून अधिक ऑपरेशनांवर याची चाचणी घेतली. 1982 मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनी दाखवलं की अतिशुद्ध हवेने संसर्ग निम्म्याहून कमी होतो, आणि ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या प्रतिजैविकांनी आणखी.

आज हे प्रमाण साधारण 100 मागे 1 ते 2 आहे. आकडा लहान आहे. पण ते एक-दोन कोण असतील हे आधी सांगता येत नाही, आणि ज्याच्या वाट्याला येतं त्याला उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा काही उपयोग नसतो.

आईने पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारला नाही, स्वतःलाच विचारला: "माझं काय चुकलं?" आमच्याकडे आंबट खाल्लं की पू होतो अशी जुनी समजूत. भेटायला आलेल्या आत्याने विचारलंच, "वहिनी, चिंच-दही चालू होतं का गं?" आई गणपतीत खाल्लेली कढी आठवत बसली. मामाचा संशय दुसरीकडे. त्याच्या मते हॉस्पिटलवर केस करायला हवी होती. एक जण आईकडे बोट दाखवत होता, दुसरा डॉक्टरांकडे.

मला तेव्हा 1957 सालचा एक प्रयोग उपयोगी पडला. लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस हे जंतू टोचले. नुसत्या त्वचेत पू व्हायला लाखोंच्या संख्येत जंतू लागत होते. तिथेच रेशमी टाक्याचा एक धागा असेल, तर शंभरेक जंतूही पुरत होते. एक धागा! गुडघ्यात तर धातू आणि प्लास्टिक मिळून बराच मोठा परका ऐवज असतो. शंभरेक जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणावरचे प्रवासी. ते कुठून आले हे शोधायला पोलीस लावले तरी सापडणार नाही. थिएटरमधून येतात, कधी महिन्यांनंतर दुसऱ्याच एखाद्या जखमेतून रक्तावाटे येतात. हे मी आईला सांगितलं. पूर्ण पटलं नसावं, पण कढीचा विषय थांबला.

मग दुसरा प्रश्न आला: इतकी भारी औषधं आहेत, तर गोळ्यांनी का बरं होत नाही? गुडघा काढायचाच कशाला?

याचं उत्तर कॅनडातल्या डोंगरी ओढ्यांत सापडलं होतं. 1970च्या दशकात बिल कॉस्टरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की वाहत्या पाण्यात सुटे तरंगणारे जीवाणू थोडे असतात, दगडांवर चिकटलेले फार. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवा, जो बुळबुळीत थर लागतो तो हाच. दातांवरचं किटणही तेच. जीवाणू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण विणतात आणि आत वस्ती करतात. याला बायोफिल्म म्हणतात. आतले बरेच जंतू जवळजवळ झोपलेले असतात. बहुतेक प्रतिजैविकं वाढणाऱ्या जंतूंना मारतात, झोपलेल्यांना सहज मारू शकत नाहीत. औषध घेतलं की सुटे जंतू मरतात, ताप उतरतो, सूज कमी होते. औषध थांबलं की वस्तीतून नवे बाहेर पडतात. 1987 मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. नव्या सांध्यावर आधी आपल्या पेशी पोचल्या तर सांधा आपला, जंतू पोचले तर त्यांचा.

म्हणूनच वेळेला इतकी किंमत आहे. संसर्ग अगदी ताजा असेल तर सांधा जागेवर ठेवून, आतून धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून काम भागू शकतं. स्टॅफिलोकॉकसविरुद्ध अशा वेळी रिफाम्पिसिन जोडीला दिलं तर फायदा होतो, हे 1998 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका चाचणीने दाखवलं. हे औषध आपल्या ओळखीचं आहे, क्षयाच्या गोळ्यांतलं. पण वस्ती जुनी झाली की सांधा काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

काढल्यावर नवा कधी बसवायचा, यावर दोन घराणी झाली. एक हॅम्बुर्गचं. तिथल्या हान्स व्हिल्हेल्म बुखहोल्ट्स यांनी हाडाच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळलं. सिमेंट घट्ट होताना तापतं. जेंटामायसिन ती उष्णता सोसतं आणि नंतर हळूहळू पाझरत राहतं. मग त्यांनी एकाच ऑपरेशनमध्ये जुना सांधा काढून, सगळं साफ करून, औषधी सिमेंटने नवा बसवायला सुरुवात केली. 1981 मध्ये त्यांनी 583 खुब्यांचा अहवाल दिला. पहिल्या प्रयत्नात 77 टक्के यश. म्हणजे 23 टक्के अपयशही त्याच अहवालात होतं.

दुसरं घराणं न्यूयॉर्कचं. हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये केवळ 11 गुडघ्यांची हकीकत छापली. सांधा काढा, सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविकं द्या, मग नवा बसवा. जगभर रूढ झालेल्या 'टू स्टेज'चा पाया हा एवढासा आहे. याच रुग्णालयात इन्सॉल यांच्याबरोबर आधुनिक गुडघ्याची रचना करणाऱ्यांत चित्तरंजन राणावत होते. 2000 आणि 2001 मध्ये अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे मुंबईत त्यांनीच बदलले, आणि 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द आपल्या घराघरांत पोचला.

दोन ऑपरेशनांच्या मधल्या काळात पोकळी आखडू नये म्हणून तिथे औषधी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. त्याला स्पेसर म्हणतात. आईचा सिमेंटचा गुडघा नऊ आठवडे होता. इतिहासाच्या पुस्तकात हा काळ एका वाक्यात संपतो. घरात तो वॉकर, कमोडची खुर्ची, रोज इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टर आणि दर आठवड्याचा सीआरपीचा आकडा यांनी भरलेला होता. दंडातल्या नळीला पाणी लागू नये म्हणून आई प्लास्टिकची पिशवी गुंडाळून अंघोळ करायची. सर्वांत जड गेलं ते थांबणं. आपण बरे होतोय की नाही हे तिला आतून कळत नव्हतं, कागदावरून कळत होतं. रात्री मी तिला बुखहोल्ट्सची गोष्ट सांगितली, की हा ठोकळा नुसता टेकू नाही, तो आतून औषध सोडतोय. तेव्हापासून ती त्याला "माझा औषधाचा दगड" म्हणू लागली.

खर्चाचं बोलायला हवं. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला 54,720 रुपये, रिव्हिजनच्या गुडघ्याला 1,13,950, कर वेगळा. मोठा दिलासा होता, पण तो फक्त इम्प्लांटचा. दोन ऑपरेशनं, आठवड्यांची इंजेक्शनं, तपासण्या, सोबतच्या माणसाची रजा यांवर मर्यादा नाही. पहिल्या ऑपरेशनसाठी पैसे साठवलेली कुटुंबं दुसऱ्याला मोडतात ती इथे.

दोन घराण्यांचा वाद पूर्ण मिटलेला नाही. 2022 मध्ये ब्रिटन आणि स्वीडनमधल्या एका चाचणीत संसर्ग झालेल्या खुब्याच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. 18 महिन्यांनंतर रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या वेदना आणि हालचालीत दोन्ही गट सारखेच निघाले. एकाच ऑपरेशनवाले लवकर सावरले होते. गुडघ्याला आणि प्रत्येक जंतूला हेच लागू होईल असं नाही. पण "आमच्या बाबतीत एका टप्प्यात जमेल का?" हा प्रश्न सर्जनला विचारण्याइतका आधार नक्की आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात बदललेला गुडघा असेल, किंवा लवकरच येईल. त्यासाठी या शंभरेक वर्षांतून दोन गोष्टी लक्षात ठेवा. बदललेला सांधा नव्याने सुजला, गरम झाला किंवा टाक्यांतून पाणी आलं, तर मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणून देऊ नका. आधी सर्जनला दाखवा आणि सांध्यातलं पाणी तपासू द्या. दोन गोळ्या पोटात गेल्या तरी कल्चरमध्ये जंतू लपू शकतो, आणि मग कोणाशी लढायचं हेच कळत नाही. दुसरी गोष्ट, त्या माणसाला काय खाल्लंस ते विचारू नका. शंभरेक जंतू पुरतात.