विमानाचे भाडे आणि अटींचे कुंपण

आठवडे बाजारात दिवस मावळला की उरलेली भाजी स्वस्त होते. विमानात बहुधा उलट. उशिरा येणाऱ्यालाच जास्त दाम पडतात. असे का? याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात सापडते.

तिथे १९३८च्या कायद्याने विमानभाडे सरकारी नियंत्रणाखाली आले. १९७७ साली अमेरिकन एअरलाइन्सने रिकाम्या जागा भरण्यासाठी सवलतीचे दर काढले. अट एकच नव्हती, पण मुख्य ही, की तिकीट पुष्कळ आधी काढा. घाईने निघणारा व्यापारी पुरे भाडे देतोच. मग त्याला सवलत कशाला? तिकीट बदलल्यास दंड, हेही पुढे याच कुंपणाचे काटे झाले.

१९७८ साली भाड्यावरचे नियंत्रण उठवणारा कायदा झाला. १९८१ साली त्याच कंपनीने प्रवासाचे मैल जमा करून बक्षीस देण्याची योजना काढली. मैलांवर वरच्या वर्गात बसता येते खरे. पण तिथे जागा शिल्लक हवी, आणि पुष्कळदा तिकीटही ठराविक दराचेच हवे!

भाडी उतरली, पण पूर्वी सरकार पाहत असे ते आता प्रवाशाने पाहायचे. म्हणून गुरुजी, मुलांना हिशेबाबरोबर तिकिटावरची बारीक अक्षरेही वाचायला शिकवा.