वस्तुविक्रय आणि मुक्तिसंग्राम

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात तथागतांनी उपासकाला निषिद्ध असे पाच व्यापार सांगितले आहेत. सत्थवणिज्जा म्हणजे शस्त्रांचा व्यापार, सत्तवणिज्जा म्हणजे जिवंत प्राणिमात्रांचा व्यापार, मंसवणिज्जा, मज्जवणिज्जा आणि विसवणिज्जा हे ते पाच होत. यांपैकी सत्तवणिज्जेचा अर्थ सांगताना अट्ठकथाकारांनी मनुष्यविक्रय हाच अर्थ स्पष्टपणे दिला आहे. म्हणजेच माणूस ही विकण्याची वस्तू नव्हे, हा विचार पालि वाङ्मयात उपासकाच्या आजीविकेचा नियम म्हणून आलेला आहे. हा नियम पाश्चात्य जगाच्या गळी उतरविण्यासाठी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत जो दीर्घ लढा झाला, त्यात वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा उपयोग चळवळीचे साधन म्हणून करण्यात आला. आपल्या चळवळीच्या दृष्टीने हा इतिहास अभ्यासनीय आहे.

गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी १७८७ साली लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी जोसाया वेजवुड या प्रसिद्ध कुंभकाम-कारखानदाराने साखळदंडात जखडलेल्या, गुडघे टेकून हात जोडणाऱ्या आफ्रिकी गुलामाची प्रतिमा असलेले एक लहान पदक तयार केले. पुरुषांनी ते तपकिरीच्या डब्यांवर बसवून घेतले, तर स्त्रियांनी बांगड्यांत आणि केसांच्या काट्यांत. चळवळीचे चिन्ह घरोघरी गेले, यात शंका नाही. तथापि, त्या चिन्हातील गुलाम याचक होता. तो उभा नव्हता. मुक्ती ही दात्याने द्यावयाची वस्तू आहे, असा त्या प्रतिमेचा मूक अर्थ होता, हे नजरेआड करता येत नाही.

१७९१ साली पार्लमेंटने गुलाम-व्यापारबंदीचा ठराव फेटाळला, तेव्हा विल्यम फॉक्स याने एक पुस्तिका काढून वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामगिरी वा हत्या टळेल, असा हिशेब त्याने मांडला. सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडल्याचा अंदाज थॉमस क्लार्कसन याने नमूद केला आहे. पुढे १८२० नंतरच्या दशकात, ही साखर गुलामांनी पिकविलेली नाही, असे सोनेरी अक्षरांत लिहिलेली भांडी इंग्लंडात विकली जाऊ लागली. ती साखर ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्या देशातली होती.

येथे इतिहासाचा एक कटू विपर्यास दिसून येतो. ही साखर मुख्यतः बंगालकडून जात असे. परंतु त्याच कंपनी सरकारच्या अमलाखाली मलबारात पुलय व चेरुमन या अस्पृश्य जातींची माणसे जमिनीबरोबर विकली, गहाण ठेवली आणि भाड्याने दिली जात होती. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या १८३३ च्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळण्यात आला. भारतात गुलामगिरीला असलेला कायद्याचा आधार १८४३ च्या पाचव्या ॲक्टाने काढून घेतला गेला. भांड्यावरील अक्षरे वाचून इंग्रज ग्राहकाचे मन निश्चिंत झाले, पण अस्पृश्याची बेडी त्या भांड्याच्या आड राहिली. वस्तूवरील शुद्धतेचा शिक्का कोणी मारला आणि तो मारताना कोणाला विचारात घेतले नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारणे आवश्यक ठरते.

याच्या उलट बाजूही आहे. बर्मिंगहॅम येथे १८२५ साली स्त्रियांचा एक गुलामगिरीविरोधी संघ स्थापन झाला. या स्त्रिया कापडी पिशव्या शिवून, त्यांत प्रचारपत्रके घालून त्या विकत असत. त्यांना मताधिकार नव्हता. मात्र मध्यवर्ती संस्थेला जाणारा त्यांचा पैसा मोठा होता. मध्यवर्ती संस्था गुलामगिरी हळूहळू नष्ट करावी असे म्हणत होती. १८३० साली बर्मिंगहॅमच्या स्त्रियांनी, 'हळूहळू' हा शब्द वगळल्याखेरीज पन्नास पौंडांची देणगी मिळणार नाही असे बजावले. त्याच वर्षी तो शब्द संस्थेने गाळला. सुईदोऱ्याने मिळविलेल्या पैशाने राजकीय भूमिका बदलल्याचे हे उदाहरण होय.

अमेरिकेत बोस्टनच्या स्त्रियांनी १८३४ पासून दरवर्षी गुलामगिरीविरोधी बाजार भरविला. मारिया वेस्टन चॅपमन या त्याच्या प्रमुख होत्या. युरोपातून आलेल्या शाली, नक्षीकाम व खेळणी तेथे विकली जात आणि त्यातून चळवळीला काही हजार डॉलर मिळत. परंतु हळूहळू लोक वस्तूंसाठी येऊ लागले. अखेर १८५८ साली स्वतः चॅपमनबाईंनी बाजार थांबवून सरळ वर्गणीची पद्धत सुरू केली. दरम्यान, स्वतः गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ साली रॉचेस्टर येथे 'नॉर्थ स्टार' हे वृत्तपत्र काढले. त्यालाही तेथील स्त्रियांच्या बाजाराचा आधार लाभला.

सोजर्नर ट्रुथ यांचे उदाहरण मात्र सर्वांहून वेगळे आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या या निरक्षर स्त्रीने आपले आत्मचरित्र सांगून लिहवून घेतले. ते १८५० साली प्रसिद्ध झाले. सभांतून त्या ते स्वतः विकत. पुढे आपली छायाचित्रेही त्यांनी विकली आणि १८६४ साली त्यांचा स्वामित्वहक्क स्वतःच्या नावे नोंदविला. जिचे शरीर एके काळी दुसऱ्याने विकले होते, तिने आपल्या प्रतिमेची मालकी स्वतःकडे घेतली. त्या छायाचित्रांत त्या गुडघे टेकलेल्या नाहीत. त्या ताठ मानेने आपल्याकडे पाहतात. वेजवुडच्या पदकापासून या छायाचित्रापर्यंतचे अंतर हेच खरे मुक्तीचे अंतर होय.

हा लढा महाराष्ट्राला परका नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यात स्वार्थत्याग करणाऱ्या लोकांस अर्पण केला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पण दात्याच्या औदार्यावर वृत्तपत्र कायम चालत नाही, हे बाबासाहेब जाणून होते. 'बहिष्कृत भारत' चालविताना अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहिले आणि १९२८ साली 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या शीर्षकाच्या अग्रलेखातून समाजालाच जाब विचारला. पत्र विकत घेणे हा उपकार नसून ऋणाची फेड आहे, ही त्यामागील भूमिका होय. पुरेशा आर्थिक पाठबळाअभावी ते पत्र १९२९ साली बंद पडले, ही वस्तुस्थितीही आपण विसरता कामा नये.

आज चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर ग्रंथांची प्रचंड विक्री होते. प्रतिमा, दिनदर्शिका आणि इतर वस्तूही विकल्या जातात. ही विक्री निंद्य आहे असे मुळीच नव्हे. शोषितांचे ग्रंथप्रेम हे आपल्या चळवळीचे भूषण आहे. परंतु वरील इतिहासाच्या प्रकाशात उपासक-उपासिकांनी तीन कसोट्या लावल्या पाहिजेत. वस्तू व तिचा व्यापार सम्यक् आजीविकेत बसतो काय? मिळालेल्या पैशाचा हिशेब समाजापुढे मांडला जातो काय? आणि ती वस्तू घेतल्यावर आपले कर्तव्य सुरू होते, की संपते?

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. बाबासाहेबांची प्रतिमा भिंतीवर लावणे सोपे आहे. त्यांचा ग्रंथ विकत घेणेही सोपे आहे. तो उघडून वाचणे आणि त्याप्रमाणे वागणे हे मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.