वरचे अन्न

वरचे अन्न किंवा पूरक आहार म्हणजे बाळ सहा महिन्यांचे झाल्यानंतर आईच्या दुधाच्या जोडीने त्याला दिले जाणारे घन व अर्धघन अन्न. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर वरचे अन्न आणि त्यासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहा महिन्यांनंतर केवळ दुधातून मिळणारी ऊर्जा, आणि विशेषतः लोह, वाढत्या बाळाला अपुरे पडते. याच सुमारास बाळाची मान सावरलेली असते, ते आधाराने बसू लागते आणि तोंडात आलेला पदार्थ जिभेने बाहेर ढकलण्याची उपजत क्रिया ओसरते.

महाराष्ट्रात हे अन्न प्रामुख्याने घरीच तयार केले जाते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत भात आणि नागली (नाचणी) ही त्याची मुख्य धान्ये आहेत. पूर्वेकडील कोरडवाहू तालुक्यांत बाजरी व गहू यांचा वापर अधिक होतो.

परंपरा

बाळाला पहिला घास भरवण्याच्या संस्कारास अन्नप्राशन किंवा उष्टावण म्हणतात. रूढीनुसार मुलाचे उष्टावण सम महिन्यात (सहाव्या वा आठव्या) आणि मुलीचे विषम महिन्यात (पाचव्या वा सातव्या) होते; बहुतेक घरांत पहिला घास मामा भरवतो आणि तो खिरीचा असतो. आठव्या महिन्यापर्यंत थांबण्याची प्रथा आजच्या वैद्यकीय सल्ल्याशी जुळत नाही. जन्मानंतर मध चाटवण्याची चालही तशीच आहे. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून एक वर्षापर्यंत मध वर्ज्य मानला जातो.

पारंपरिक पदार्थांत मऊ किंवा गुरगुट्या भात, तांदूळ व मूगडाळ भाजून केलेल्या भरडीचे खिमट, नागलीची पेज, रव्याची खीर, मेतकूट-भात आणि वरण-भात-तूप यांचा समावेश होतो. यांतील डाळ-तांदळाची सांगड पोषणदृष्ट्या अचूक आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीतून मिळते. डाळीत कमी असलेले मेथिओनिन तांदूळ पुरवतो.

दाटपणाचा प्रश्न

घरगुती शिशुआहारातील सर्वांत मोठी उणीव पदार्थांच्या निवडीपेक्षा त्यांच्या पातळपणात आढळते. वरणाचे पाणी, भाताची निवळ, पातळ पेज ही ‘पचायला हलकी’ म्हणून आठ-आठ, दहा-दहा महिन्यांपर्यंत दिली जातात. बाळाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर असते. म्हणजे सात किलोच्या बाळाचे पोट साधारण २०० मिलिलिटरमध्ये, एका वाटीत, भरते. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली तर बाळ तृप्त दिसते, पण डाळ पातेल्याच्या तळाशी राहिलेली असते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दररोज सुमारे २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि त्यानंतर दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ५५० किलोकॅलरी मिळणे अपेक्षित असते. पातळ पेजेतून हा आकडा गाठता येत नाही.

दाटपणाची घरगुती कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केल्यावर अन्न ओघळून न जाता त्यावर टिकले पाहिजे. त्यात चमचाभर तूप किंवा तेल घातल्यास आकारमान न वाढता ऊर्जा वाढते. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा दोन-तीन चमचे देऊन प्रमाण हळूहळू वाढवतात. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा भरवतात.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास बालकांना किमान पुरेसा आहार मिळत होता. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली.

नागलीचे सत्त्व आणि मोडाचे पीठ

नागलीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; इतर कोणत्याही प्रचलित तृणधान्यात ते इतके आढळत नाही. बाळासाठी तिचे दोन प्रकार करतात आणि बोलण्यात दोहोंना ‘सत्त्व’च म्हटले जात असल्याने त्यांत गल्लत होते.

पहिल्या प्रकारात भिजवलेली किंवा मोड आलेली नागली पाणी घालून वाटतात, पातळ कापडातून दूध गाळून घेतात, ते स्थिर ठेवून वरचे पाणी ओतून देतात आणि तळाशी बसलेला साका वाळवतात. हे सत्त्व पांढरट, मुलायम व पचनास सोपे असते. परंतु नागलीतील खनिजे मुख्यतः दाण्याच्या सालीत असल्याने त्यांचा मोठा भाग कापडात राहिलेल्या चोथ्याबरोबर टाकला जातो. नाव सत्त्व असले तरी उरतो तो बहुतांशी स्टार्च.

दुसऱ्या प्रकारात नागली रात्रभर भिजवून कापडात बांधतात, एक-दोन दिवसांत मोड आल्यावर वाळवतात, मोड चोळून काढतात, मंद आचेवर हलकी भाजून दळतात आणि पीठ बारीक चाळतात. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते स्टार्चचे रेणू तोडते, त्यामुळे हे पीठ शिजवल्यावर फुगून खळीसारखे घट्ट होत नाही. साहजिकच तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. बडोदा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या गुणधर्मावर संशोधन केले. मोडाचे चमचाभर पीठ किंचित निवलेल्या घट्ट लापशीत ढवळले की ती गिळण्याजोगी सैल होते, पाणी वाढवावे लागत नाही. मात्र पीठ खरपूस भाजल्यास विकर नष्ट होते आणि हा फायदा हातचा जातो.

नागलीत लोह असले तरी ते शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. त्यामुळे डाळ, अंडे, मासे किंवा मांस आणि लिंबू, टोमॅटो यांसारखी क जीवनसत्त्वयुक्त जोड आवश्यक ठरते.

पोत आणि चावण्याची सवय

सहाव्या महिन्यात गुठळ्या नसलेले दाट अन्न, आठव्या महिन्यापर्यंत बोटांनी कुस्करलेले आणि हातात धरून खाता येईल असे मऊ तुकडे, आणि वर्षाच्या सुमारास घरातील सर्वांसाठीचे अन्न (तिखट व मीठ घालण्यापूर्वी वेगळे काढलेले), असा क्रम साधारणपणे सांगितला जातो. दाढा येण्याची वाट पाहण्याची गरज नसते. बाळ मऊ घास हिरड्यांनी चिरडते.

इंग्लंडमधील एव्हन परिसरातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, दहा महिन्यांनंतर प्रथमच गुठळीदार अन्न मिळालेली मुले पंधराव्या महिन्यात खाण्याबाबत अधिक अडचणीची आढळली; सातव्या वर्षीही त्यांच्यात खाण्याच्या तक्रारी अधिक होत्या. हा संबंध निरीक्षणात्मक असला, तरी सगळे जेवण मिक्सरमध्ये फिरवून देण्याच्या शहरी सवयीच्या संदर्भात तो महत्त्वाचा आहे. वरण-भात हाताने कुस्करणे, उकडलेले रताळे किंवा लाल भोपळा काट्याने ठेचणे, पुरणयंत्राची जाळी बदलत जाणे या उपायांनी पोत टप्प्याटप्प्याने वाढवता येतो.

नवा पदार्थ बाळाने थुंकला म्हणजे तो त्याला नावडला असे नसते. एकाच पदार्थाची आठ-दहा किंवा अधिक वेळा ओळख झाल्यावर अनेक बाळे तो स्वीकारतात. नाक दाबून, आडवे झोपवून किंवा मोबाइल दाखवून घास कोंबल्याने भुकेची व तृप्तीची जाणीव बिघडते.

धोके

गुठळी घशाशी आल्यावर बाळ ओकारी काढते, तोंड लाल होते, आवाज येतो. ही संरक्षक क्रिया आहे. श्वास अडकल्यास आवाज बंद होतो, खोकता येत नाही आणि ओठ निळे पडतात. तेथे तातडीची मदत लागते. नाशिकच्या घरोघरी हंगामात असलेली द्राक्षे या दृष्टीने विशेष धोकादायक आहेत: अख्खे द्राक्ष श्वासनलिकेत बुचासारखे बसते. लहान मुलांना ते उभे चार भाग करूनच देतात. शेंगदाणे, फुटाणे आणि कच्च्या गाजराचे तुकडे यांचाही असाच धोका असतो.

शिजवलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. पेठ-सुरगाण्यातून द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड, दिंडोरीकडे येणाऱ्या मजूर कुटुंबांना हा नियम पाळणे कठीण जाते. सकाळची पेज दुपारी बागेच्या बांधावर मोठे भावंड भरवते. भाजलेले कोरडे पीठ सोबत नेऊन ऐनवेळी उकळत्या पाण्यात शिजवणे अशा वेळी अधिक सुरक्षित ठरते. बाटली व जुन्या पद्धतीचे चोचीचे बोंडले आतून स्वच्छ करणे अवघड असल्याने वाटी-चमच्याला प्राधान्य दिले जाते.

शासकीय उपक्रम

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेद्वारे सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीतून घरपोच आहार दिला जातो. पोषण अभियानाअंतर्गत (२०१८) अंगणवाड्यांमध्ये सामुदायिक अन्नप्राशनाचे कार्यक्रमही होतात. पेठ, सुरगाणा व कळवण यांसारख्या अनुसूचित क्षेत्रातील तालुक्यांत अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपुढील बालकांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे. तयार शिशुआहाराची दोन वर्षांखालील बालकांसाठी जाहिरात करण्यास १९९२ च्या केंद्रीय कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, बंदी आहे.