गंजाच्या रंगाचे अस्तर : एका दुर्मीळ सांधेविकाराच्या निदानाचा इतिहास

१८५२ साली शॅसन्याक या फ्रेंच शल्यचिकित्सकाने बोटाच्या कंडरेवरील आवरणात वाढलेल्या गाठीचे वर्णन केले आणि तिला ‘कंडरा-आवरणाचा कर्करोग’ असे नाव दिले. ती गाठ कर्करोगाची नव्हती. पण त्या चुकीच्या नावापासून ज्या गोंधळास आरंभ झाला, तो निस्तरण्यास वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षे लागली. सूक्ष्मदर्शकाखाली ज्याला बहुकेंद्रकी महापेशी अधिक दिसल्या, त्याने एक नाव दिले. ज्याला मेदाने भरलेल्या पिवळट पेशी दिसल्या, त्याने त्या गाठीस झँथोमा म्हटले. गुडघ्यातील रोग निराळा, बोटातील निराळा, अशीही समजूत रूढ होती.

ही विखुरलेली प्रकरणे एकत्र बांधण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या जाफे, लिख्टेनस्टाइन आणि सुट्रो या तिघांना जाते. १९४१ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, सांध्याचे आतले अस्तर, कंडरेचे आवरण आणि सांध्याजवळच्या द्रवपिशव्या या तिन्ही ठिकाणी दिसणारा हा विकार एकच आहे. त्यांनी दिलेले नाव लांबलचक होते, ‘पिग्मेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस’, संक्षेपाने पीव्हीएनएस. पण ते नाव म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राचे वर्णनच होते. निरोगी अस्तर पातळ व गुळगुळीत असते. या विकारात त्यावर शेवाळासारख्या झुपकेदार वाढी आणि गाठी उठतात, आणि सारे अस्तर गंजलेल्या लोखंडासारखे तपकिरी होते. ही उपमा केवळ अलंकारिक नव्हे. नाजूक वाढींमधून सांध्यात वारंवार रक्त झिरपते आणि त्यातील लोह हिमोसिडेरिनच्या रूपाने पेशींत साठते. पर्ल्सने १८६७मध्ये मांडलेल्या रंजनपद्धतीने हे लोह निळे दिसते. चित्रकारांचा ‘प्रशियन निळा’ तो हाच.

‘सायनोव्हायटिस’ या शब्दात मात्र एक गृहीतक दडलेले होते : हा दाह आहे. १९५०च्या दशकात कुत्र्यांच्या सांध्यांत वारंवार रक्त टोचून मिळतेजुळते चित्र निर्माण करण्यात आले आणि त्या गृहीतकाला बळ मिळाले. पण हिमोफिलियाच्या रुग्णांच्या गुडघ्यात वर्षानुवर्षे रक्तस्राव होतो, तेथे हिमोसिडेरिनही साठते. तरीही या विकाराचे नेमके पेशीचित्र तेथे उमटत नाही. रक्त हे कारण की परिणाम, हा प्रश्न अनेक दशके लोंबकळत राहिला.

निदानाच्या बाजूनेही अडचणी होत्या, आणि त्या सांध्यागणिक वेगळ्या होत्या. गुडघा हे या विकाराचे सर्वांत आवडते ठिकाण. तेथील संधिकोश ऐसपैस असल्यामुळे वाढीला जागा मिळते. गुडघा सुजतो, आणि सुईने काढलेले पाणी बरेचदा लालसर वा तपकिरी निघते. खुब्याचे तसे नाही. तो सांधा स्नायूंखाली खोल दडलेला, त्याचा कोश घट्ट. सूज बाहेर दिसत नाही. वाढलेले अस्तर दाबाने हाडातच शिरते आणि मांडीच्या हाडाचे डोके व त्याची खोबण, अशा दोन्ही बाजूंस पोकळ्या पाडते. रुग्ण बहुधा तरुण वा मध्यमवयीन असतो, तक्रार जांघेतील दुखण्याची, कधी तर केवळ गुडघ्याच्या दुखण्याची! क्ष-किरण चित्रात हाडांची घनता आणि सांध्यातील अंतर पुष्कळ काळ टिकून असते. हाडे पोखरलेली पण सांध्याची फट शाबूत, ही विसंगती ज्याच्या नजरेस खटकेल तोच पुढे शोध घेतो.

भारतात या कोड्याला आणखी एक पदर आहे. एकच खुबा किंवा एकच गुडघा महिनोन्महिने दुखत व आखडत असेल, तर आपल्याकडील वैद्याच्या मनात प्रथम क्षयरोग येतो, आणि तसे येणे योग्यच आहे. सांध्याच्या क्षयात जंतूंची संख्या कमी असते. त्यामुळे तपासणी नकारात्मक आली तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही. यातूनच ‘औषध देऊन पाहू’ ही वाट निघते. अमेरिकेतील १९८०च्या एका अभ्यासानुसार पीव्हीएनएसचे प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १.८ नवे रुग्ण इतके अल्प आहे. अशा विकारापुढे क्षयावर पैज लावणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने समजण्यासारखे. पण पैज हरली, तर ते महिने रुग्णाच्या हाडातून वसूल होतात.

एमआरआयने हे चित्र पालटले. देशातील पहिले असे यंत्र १९८६ साली दिल्लीच्या इन्मास या संरक्षण संशोधन संस्थेत बसले. एमआरआयमध्ये साधा द्रव टी-२ प्रतिमेत पांढरा चमकतो. हिमोसिडेरिनमधील लोह मात्र आसपासचे चुंबकीय क्षेत्र विस्कटते, म्हणून तो भाग टी-१ आणि टी-२ या दोन्हींत काळा राहतो. ग्रेडियंट एको पद्धतीत तर हा काळेपणा प्रत्यक्ष आकारापेक्षाही मोठा फुललेला दिसतो. शल्यचिकित्सकाला जो तपकिरी रंग सांधा उघडल्यावर दिसे, तो आता सांधा न उघडता सावलीच्या रूपाने दिसू लागला.

कारणाचा उलगडा २००६ साली झाला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की, या गाठींतील मोजक्याच, सुमारे २ ते १६ टक्के, पेशी खऱ्या अर्थाने विकृत असतात. त्यांच्यातील पहिल्या व दुसऱ्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि सीएसएफ-१ हे प्रथिन बेसुमार तयार होते. त्या हाकेला ओ देऊन शरीरातील भक्षक पेशी तेथे गर्दी करतात. गाठीचा मोठा भाग या पाहुण्यांचाच. दाह की अर्बुद, या जुन्या वादात दोन्ही पक्षांना अर्धे सत्य दिसले होते, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या वर्गीकरणाने त्यास अर्बुदांत, ‘टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर’ या नावाखाली, स्थान दिले. ती हाक ऐकू येऊ न देणारी औषधेही आली : २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पेक्सिडार्टिनिब, यकृताला गंभीर इजा होण्याच्या इशाऱ्यासह, आणि २०२५मध्ये व्हिमसेल्टिनिब. तत्पूर्वी अस्तर खरवडून काढणे हाच मुख्य उपाय होता, आणि सांधाभर पसरलेला प्रकार त्यानंतरही पुनःपुन्हा उद्भवे.

तरीही शेवटचा शब्द ऊतकाच्या तुकड्याचाच. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. बायॉप्सीचा सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडवला, तर महापेशी आणि लोह दिसेल, पण क्षयाच्या जंतूंचे संवर्धन करता येणार नाही, कारण फॉर्मेलिन जंतूंना मारते. म्हणून शस्त्रक्रियागृहातून दोन बाटल्या निघाव्या लागतात : एक फॉर्मेलिनची, विकृतिशास्त्राकडे, दुसरी निर्जंतुक सलाइनची, सूक्ष्मजीवशास्त्राकडे.